हिरव्या पाटीखाली कोळसा किती? ऊर्जा आणि परिवहन विभागांना एक खुले पत्र

प्रति,
ऊर्जा विभाग व परिवहन विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : इलेक्ट्रिक गाडीच्या धुराचा हिशेब आणि दुपारच्या चार्जिंगबद्दल

मा. महोदय,

भद्रावती तालुक्यातल्या एका खेड्यात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. व्होल्टेज पडलं की शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी जळतात, मी त्या भरून देतो. सत्तावीस वर्षं झाली. शिक्षण आयटीआय, वायरमन ट्रेड. तेव्हा हे पत्र कुणा पर्यावरणतज्ज्ञाचं नाही. पण विजेच्या धंद्यात राहून एक खोड लागली आहे. कुणी काहीही सांगितलं की आधी मीटर लावून बघायचं, मग मान डोलवायची.

गेल्या वर्षी मी नागपूरच्या एका गृहस्थाकडून जुनी इलेक्ट्रिक कार घेतली. लहान गाडी, २४ युनिटची बॅटरी. खरं सांगतो, पर्यावरणासाठी घेतली नाही. मोटारी आणायच्या, भरायच्या, शेतावर नेऊन बसवून द्यायच्या, यात रोजचे पन्नास-साठ किलोमीटर होतात आणि पेट्रोल शंभरच्या वर जाऊन बसलंय. डिक्कीत दोन मोनोब्लॉक पंप मावतात, मला तेवढं पुरे.

गावातली ही पहिलीच हिरव्या नंबर पाटीची, म्हणजे इलेक्ट्रिक गाडी. आठ दिवस पोरं मागं धावली. नवव्या दिवशी पानठेल्यावर एकानं विचारलं, "काहो भाऊ, तुमची गाडी कायवर चालते?"

म्हटलं, "लाइटीवर."

"अन् लाइट कायवर चालते?"

उत्तराची वाट न पाहता त्यानं हातातल्या खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पन्नीनं दक्षिणेकडं दाखवलं. आभाळ स्वच्छ असलं की आमच्याकडून चंद्रपूरच्या वीज केंद्राची धुराडी दिसतात. "कोयश्यावरच चालते ना? मंग पेट्रोलनं काय घोडं मारलं होतं? धूर तोच, फक्त दुसऱ्याच्या घरी."

ठेल्यावरचे सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री झोप लागेना. त्याचं म्हणणं खोडून काढता येईल असं माझ्याकडं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी चार्जिंगच्या सॉकेटला वेगळा सबमीटर बसवला आणि एक वही घातली. आठ महिन्यांत गाडी ९,६०० किलोमीटर चालली आणि सबमीटरवर १,३४४ युनिट पडले. म्हणजे शंभर किलोमीटरला १४ युनिट. चार्जरमध्ये उष्णता होऊन जाते ती यातच आली, कारण मीटर भिंतीवर आहे, गाडीत नाही. कंपन्यांच्या जाहिरातीतले आकडे गाडीतले असतात. ते कधीच भिंतीवरच्या मीटरशी जुळत नाहीत.

आता पेट्रोलचा हिशेब. माझी आधीची गाडी साधारण १७ चा अ‍ॅव्हरेज द्यायची. एक लिटर पेट्रोल पाऊण किलोपेक्षाही थोडं कमी भरतं, पण जळल्यावर सायलेन्सरमधून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. हे मला पटेना. पाऊण किलोतून सव्वादोन किलो कसा निघेल? माझी पोरगी बारावी सायन्सला आहे, तिनं समजावलं की पेट्रोलमधल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन चिकटतो, वजन त्याचं आहे. शिवाय तेल जमिनीतून काढणं, जहाजानं आणणं, रिफायनरीत शुद्ध करणं, टँकरनं पंपावर पोचवणं, यात लिटरमागे आणखी साधारण अर्धा किलो जातो. सगळं धरून २.८ किलो. शंभर किलोमीटरला सहा लिटरच्या आत लागतं, म्हणजे साडेसोळा किलो.

विजेकडं वळू. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशातल्या विजेच्या एका युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड निघाला ते काढतं. २०२३-२४ साली सरासरी ०.७२७ किलो होता. चंद्रपूरचा वेगळा आकडा न घेता देशाचा का घेतला, असं ठेल्यावर विचारलं गेलं. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाला जोडलं गेलं आणि तेव्हापासून अख्खा देश एकाच विहिरीवर पाणी भरतो. त्या विहिरीत चंद्रपूरचा झरा आहे, कोयनेचा आहे, तारापूरचा आहे, राजस्थानातल्या उन्हाचाही आहे. माझ्या बादलीत कोणाचं पाणी आलं हे कुणालाच सांगता येत नाही.

तारांतली गळती धरायला हवी. ती मी १५ टक्के धरली. (सरकारी कागदावरच्या गळतीत आकडा टाकून घेतलेली वीजही मोजलेली असते. ती काही वाया जात नाही, कुणाच्या तरी घरी मिक्सर फिरवते. कुणाच्या ते मला विचारू नका, मला गावात राहायचं आहे.) भिंतीवर १४ युनिट हवेत तर वीज केंद्रातून साडेसोळा युनिट निघायला हवेत. त्याचे झाले १२ किलो.

पेट्रोलचे साडेसोळा, विजेचे बारा. पाव हिश्शापेक्षा थोडं जास्त कमी झालं. २०२१ साली इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन या संस्थेनं भारतातल्या मध्यम आकाराच्या गाड्यांचा हिशेब मांडला होता. बॅटरी बनवण्यापासून गाडीच्या शेवटापर्यंतचा सगळा धूर धरून इलेक्ट्रिक गाडीचा १९ ते ३४ टक्के कमी भरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. युरोपात तोच फरक ६६ ते ६९ टक्के होता. गाडी तीच, लोखंड तेच, फक्त विहीर वेगळी.

पण त्या पानठेल्यावरच्या माणसाला मी खोटं पाडू शकलो का? तो म्हणाला होता कोळसा. समजा विहिरीत नुसता कोळशाचाच झरा असता, तर? कोळशावर वीज बनवणाऱ्या संचातून एका युनिटमागे एक किलोच्या जरासंच खाली कार्बन डायऑक्साइड निघतो. साडेसोळा युनिटचे सोळा किलो. पेट्रोलचे साडेसोळा. खाणीतल्या यंत्रांचा आणि कोळसा वाहण्याचा धूर मी धरलेलाच नाही. म्हणजे बरोबरी. नुसत्या कोळशावर माझी गाडी पेट्रोलपेक्षा चांगली नाही, हे मी वहीत लाल पेनानं लिहून ठेवलंय.

असं का होतं ते मला माझ्या धंद्यातून कळतं. पेट्रोलच्या इंजिनात शंभर रुपयांचं इंधन ओतलं तर रस्त्यावर वीस-पंचवीस रुपयांचंच चाक फिरतं, बाकीचं रेडिएटर आणि सायलेन्सर खातात. मोटारीचं तसं नाही. चांगली भरलेली मोटार शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद फिरवते. म्हणून इलेक्ट्रिक गाडीवाले छाती फुगवतात. पण तेच उष्णतेचं नुकसान आधी वीज केंद्रात होऊन गेलेलं असतं. तिथं कोळशाच्या शंभरातले तेहतीस-पस्तीसच विजेत उतरतात, बाकीची उष्णता कूलिंग टॉवरमधून आभाळात जाते. (लोक तो पांढरा ढग बघून घाबरतात. तो धूर नाही, वाफ आहे. घाबरायचं ते बाजूच्या उंच धुराड्याला.) पुढं तारा खातात, चार्जर खातो. चाकापर्यंत हिशेब तिथंच येतो जिथं इंजिनाचा होता. त्यात कोळशाचा एक दोष असा की तेवढ्याच उष्णतेमागे तो पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शानं जास्त कार्बन सोडतो.

तेव्हा माझ्या गाडीचा जो फायदा आहे तो कारखान्यात ठरलेला नाही. विहिरीत कोळशाखेरीज जे काही आहे, त्यातून तो येतो. मला आपल्याशी बोलायचंय ते याच कारणानं, कारण विहीर आपल्या ताब्यात आहे, माझ्या नाही.

आधी एक अवघड गोष्ट कबूल करून टाकतो. बाजारात हायब्रिड गाड्या आहेत, पेट्रोलवरच चालणाऱ्या, पण ब्रेक मारताना जाणारी ताकद साठवून वापरणाऱ्या. त्या लिटरला २५ च्या आसपास देतात. माझ्याच रीतीनं हिशेब केला तर शंभर किलोमीटरला सव्वाअकरा किलोच्या आत. माझे बारा. आजच्या तारखेला ती गाडी मला थोडक्यात हरवते. फरक एवढाच की ती गाडी दहा वर्षांनीही तेवढाच धूर सोडेल, जुनी झाली की जास्तच. माझ्या गाडीचा धूर मात्र मी काही न करता कमी होऊ शकतो. होऊ शकतो म्हणालो, होईल म्हणालो नाही. २०२५ साली देशातली निम्मी वीजक्षमता कोळसा, तेल, गॅस यांखेरीजची झाली असं जाहीर झालं. चांगलं झालं. पण गोठ्यात दोन बैल असणं आणि दोन्ही वखराला जुंपणं यात फरक असतो. तयार होणाऱ्या विजेत अजून चारातले जवळपास तीन युनिट कोळशाचेच आहेत. उन्हाचा बैल दिवसाच चालतो.

आता बॅटरी. ती बनवताना खूप वीज लागते आणि बहुतेक बॅटऱ्या चीनमध्ये बनतात, तिथंही कोळसाच. माझ्यासारख्या लहान बॅटरीमागे अंदाजे दोन टन कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो. म्हणजे इलेक्ट्रिक गाडी शोरूममधून निघते तेव्हाच तिच्या डोक्यावर दोन टनांचं कर्ज असतं. शंभर किलोमीटरला साडेचार किलो वाचले, तर ते फिटायला ४४,००० किलोमीटर लागतात. मी वर्षाला १४,००० चालवतो, तीन वर्षांत फिटेल. (माझी तर जुनी गाडी, अर्धं कर्ज आधीच्या मालकानं फेडलेलं.) शहरात घरची दुसरी गाडी म्हणून घेतलेली, रविवारी मॉलला जाणारी, वर्षाला पाच हजार किलोमीटर चालणारी इलेक्ट्रिक गाडी हेच कर्ज नऊ वर्षं फेडत बसेल. आणि आमच्याकडची शेअर जीप? वरोरा ते चिमूर, भद्रावती ते चंद्रपूर अशा फेऱ्या मारणाऱ्या गाड्या दिवसाला दीडशे किलोमीटर सहज चालतात. त्यांची बॅटरी मोठी लागेल, कर्ज जास्त असेल, तरी एक-दोन वर्षांत फिटतं आणि पुढचं सगळं निव्वळ शिलकीत.

म्हणून मला आपल्या सवलतींचं आश्चर्य वाटतं. २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक कारला समृद्धी महामार्गावर, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवर टोल माफ केला. समृद्धी नागपूरहून सुरू होऊन वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाण्यातून जातो, त्यामुळं विदर्भाला काही मिळालं नाही असं म्हणता येणार नाही. पण त्यावरून रोज जाणारा माझ्या ओळखीत एकही नाही. सवलत गाडीला दिली, किलोमीटरला दिली नाही. एसटीची पहिली विजेवरची शिवाई बस २०२२ साली पुण्याहून नगरला धावली. एसटी दिवसभर पळते, माणसं भरून पळते, रात्री आगारात परत येते. धुराच्या हिशेबानं तिच्याइतकं योग्य वाहन दुसरं नाही. त्या बसा आमच्याकडं सगळ्यात शेवटी येऊ नयेत, एवढंच म्हणतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्या मुद्द्यावर येतो. वर मी सगळीकडं सरासरी धरली आहे आणि सरासरी किती फसवी असते हे विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. जिल्ह्यात पाऊस सरासरी गाठतो, पेपरात बातमी येते, आणि ऑगस्टात वीस दिवस उघाड पडल्यानं सोयाबीन मात्र शेतात वाळलेलं असतं. विजेचंही तसंच आहे. ०.७२७ ही वर्षभराची, रात्रंदिवसाची सरासरी. दुपारी बारा-एकला देशभरची सौर वीज जाळ्यात येते तेव्हा कोळशाचे संच जमेल तितके खाली आणावे लागतात. सूर्य कलला की तेच संच पुन्हा वर चढवायचे. संध्याकाळी सात ते दहा घराघरांत दिवे, टीव्ही, पंखे, कूलर, आणि नेमकं त्याच वेळी माणूस घरी येऊन गाडीला वायर लावतो. त्या वेळी वाढलेली मागणी कोण भागवणार? सूर्य तर गेला. ती बहुतेक कोळसाच भागवतो.

पहिले तीन महिने मीही तेच करायचो. रात्री आठला दुकान बंद, घरी येऊन गाडी लावली की जेवायला बसायचं. बारा किलोचा हिशेब कागदावर, प्रत्यक्षात मी सोळा किलोच्या जवळपास जाळत होतो. आणि एक दुखणं वेगळंच. आमच्याकडं रात्री आठला व्होल्टेज १७०-१८० वर येतं. चार्जर ट्रिप व्हायचा, नाहीतर कण्हत चालायचा. व्होल्टेज पडलं की तेवढ्याच कामाला अँपिअर जास्त लागतात. अँपिअर दीडपट झाले की तारेतली उष्णता सव्वादोनपट होते. याच नियमावर माझं दुकान चालतं, म्हणून तक्रार करायची नाही. पण ती उष्णताही कुणीतरी कोळसा जाळूनच बनवलेली असते.

चौथ्या महिन्यात मी सॉकेट दुकानाच्या बाहेरच्या भिंतीला लावलं. सकाळच्या फेऱ्या आटोपून अकराला गाडी लावतो, तीनला काढतो. दुपारी मीटरवर २३० च्या वर व्होल्टेज असतं. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर चार तासांत बाराएक युनिट जातात, म्हणजे पंच्याऐंशी किलोमीटरची सोय. दुपारची सगळी वीज सूर्याची असते असा माझा दावा नाही, कोळसा तेव्हाही चालूच असतो. पण रात्रीपेक्षा चित्र निराळं असतं. आणि सरळ आपल्या छपरावरच्या पॅनेलवर गाडी लावली तर शंभर किलोमीटरला पॅनेल बनवण्याचा धूर धरूनही किलोभरसुद्धा भरत नाही. मग ते दोन टनांचं कर्ज ४४,००० ऐवजी तेरा हजार किलोमीटरच्या आत फिटतं. म्हणजे माझ्या हिशेबानं एका वर्षात.

मला जमलं कारण दुकान माझं, वेळ माझी. पण आमच्या भागात अजून कुणाच्या गाड्या दुपारी उभ्या असतात? अप-डाउन करणाऱ्यांच्या. जिल्हा परिषदेचे शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, बँकेतले साहेब. राहायला चंद्रपूर, वरोरा, नाहीतर भद्रावती, नोकरी खेड्यात. सकाळी तीस-चाळीस किलोमीटर येतात, संध्याकाळी तेवढेच जातात. दहा ते पाच त्यांची गाडी शाळेच्या आवारात कडुलिंबाखाली उभी. बरोबर तेच तास, जेव्हा सूर्य डोक्यावर असतो. रोजचे साठ-ऐंशी किलोमीटर म्हणजे वर्षाला वीस हजारांच्या घरात. बॅटरीचं कर्ज भराभर फेडणारी गाडी हवी असेल तर ती हीच. आमच्या शाळेतल्या एका मास्तरांनी मला सरळ सांगितलं, "गाडी घेतो जी, पण लावू कुठं? रात्री घरी लावायची तर तिसऱ्या माळ्यावर राहतो."

या लोकांना महामार्गावरचा फास्ट चार्जर काही कामाचा नाही. दर २५ किलोमीटरवर चार्जिंगची सोय करण्याचं आपलं धोरण प्रवाशांसाठी ठीक आहे. पण सात तास उभ्या असलेल्या गाडीला अर्ध्या तासात भरण्याची घाई कशाला? तिला एक साधा १५ अँपिअरचा सॉकेट, एक एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), नीट अर्थिंग आणि एक सबमीटर पुरतो. चार सॉकेटचं बोर्ड मी काही हजार रुपयांत लावून देईन, मजुरीसकट. फास्ट चार्जरला लाखो लागतात आणि तो लावायला डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) बदलावी लागते. डीपी जळाल्यावर ती बदलून मिळायला इथं किती दिवस लागतात ते शेतकऱ्याला विचारा.

दरही आपल्या बाजूनं आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार उन्हाच्या तासांत वीज नेहमीच्या दरापेक्षा स्वस्त आणि गर्दीच्या तासांत महाग ठेवायची आहे, स्मार्ट मीटर आले की. म्हणजे दुपारी लावा असं नियम सांगतो. लावायला जागा मात्र नाही. तालुक्यातल्या एका कार्यालयात मी विचारायला गेलो होतो, आवारात असं बोर्ड लावता येईल का म्हणून. तिथल्या साहेबांनी विचारलं, "कर्मचाऱ्यानं वीज चोरली तर जबाबदार कोण?" म्हटलं, साहेब, मीटर त्यासाठीच असतो. ते हसले आणि अर्ज आवक-जावकला द्यायला सांगितला. दिला. अजून तिथंच असेल.

तर माझी पहिली मागणी ही. जिथं सरकारी कर्मचाऱ्यांच्या गाड्या दिवसभर उभ्या राहतात, त्या शाळा, आरोग्य केंद्रं, पंचायत समित्या, तहसील आणि बाजार समितीची आवारं, तिथं असे मीटर लावलेले साधे सॉकेट द्या आणि ते सकाळी नऊ ते चारच चालू ठेवा. टाइमर बसवला की झालं. शाळेच्या छपरावर तीन किलोवॅटचं पॅनेल बसवलं तर दिवसाला बाराएक युनिट होतात. शाळेचे पंखे आणि टीव्ही मिळून तेवढे खात नाहीत. घरासाठी पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. शाळेसाठीही काही योजना असेलच, आपल्याकडं योजनांची कमी नसते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत १६,००० मेगावॅटचं उद्दिष्ट शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठीच ठेवलंय. पंप ओलिताच्या दिवसांत चालतात. पावसाळ्यात, नाहीतर पाणी आटल्यावर मे महिन्यात, त्या पॅनेलची दुपारची वीज गावाजवळच उभ्या असलेल्या गाड्यांनी घेतली तर तारांतलं नुकसानही वाचेल.

दुसरी मागणी शब्दाची आहे. इलेक्ट्रिक गाडीवर, फलकांवर, जाहिरातीत 'शून्य उत्सर्जन' लिहू नका आणि कुणाला लिहू देऊ नका. २०१८ पासून हिरव्या पाट्या आल्या, पाटीला माझी हरकत नाही. हरकत शून्याला आहे. माझ्या साडेसोळा युनिटांत कोळशाचा वाटा धरला तर शंभर किलोमीटरला पावणेनऊ किलो कोळसा जळतो. आपल्या देशी कोळशात राख तिसऱ्या हिश्शाहून जास्त निघते, म्हणजे तीन किलो राख. पुण्याच्या चौकातला धूर कमी होतो, माझ्या बहिणीची नातवंडं तिथं राहतात, मला त्याचा आनंदच आहे. पण ती तीन किलो राख पुण्यात पडत नाही. कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा, पारस, चंद्रपूर ही कोळशाच्या वीज केंद्रांची नावं महाराष्ट्राच्या नकाशावर बघा, सगळी एकाच बाजूला सापडतील. शेकडो किलोमीटरवरून येणारी वीज दिसत नाही. आमच्या रस्त्यावरून ताडपत्री न बांधता जाणारे कोळशाचे ट्रक दिसतात. रस्त्याकडेच्या वावरातला कापूस वेचला की व्यापारी बोंड हातात घेऊन बघतो आणि भाव कमी सांगतो. काळा कापूस म्हणतात त्याला आमच्याकडं. शून्य लिहिलेला फलक त्याच रस्त्यानं जाताना वाचला की कसं वाटतं, ते एकदा इकडं येऊन बघा.

शून्याऐवजी खरा आकडा लिहा. 'ही गाडी शंभर किलोमीटरला आज सरासरी बारा किलो, दुपारी लावली तर त्याहून कमी', असं. लोकांना समजतं. मोटारीवर एचपी आणि अँपिअर लिहिलेले असतात, शेतकरी ते वाचूनच केबल घेतो. घरचं वीजबिल येतं त्यातही त्या महिन्यात आपल्या विजेत कोळसा किती, ऊन किती, पाणी किती, एवढी एक ओळ छापायला फार शाई लागणार नाही.

वही घेऊन मी परवा पानठेल्यावर गेलो होतो. त्या माणसानं सगळे आकडे ऐकून घेतले, मधे दोनदा खर्रा घोटला. मग म्हणाला, "म्हणजे नुसत्या कोयश्यावर बरोबरी, रात्री थोडी बरी, दुपारी चांगली."

"हो."

"मंग रात्रीची कायले लावते लोकं?"

"दुपारी लावायला जागा नाही म्हणून."

"मंग जागा द्या म्हणा ना बाप्पा. तिथं लिवून टाक." म्हणून लिहिलं.

आपला,
एक मोटार वाइंडिंगवाला,
भद्रावती तालुका, जि. चंद्रपूर

ता. क. : पाहणीला कुणाला पाठवणार असाल तर अकरा ते तीनच्या मधे पाठवा. सॉकेट दुकानाच्या बाहेरच्या भिंतीला आहे, अर्थिंग मी स्वतः केलंय, मीठ-कोळशाचा खड्डा घेऊन. इलेक्ट्रिक गाडीनं आलात तर खुशाल लावा, युनिटचे पैसे सबमीटरप्रमाणे द्यावे लागतील. वही काउंटरवरच असते.